खांद्यावरचं निळं वर्तुळ

त्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टरीणबाईंना सगळे 'चारबोटंबाई' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि बाईंना ठाऊक आहे हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळे कुणाचंच काही अडत नव्हतं.

नाव पडायचं कारण असं. खांद्याचं ऑपरेशन असलं की बाई हातमोजे चढवून टेबलाशी जायच्या, खांद्याच्या वरच्या हाडाची कड चाचपायच्या आणि तिच्याखाली आपली चार बोटं आडवी टेकवायच्या. "इथवर आपलं," म्हणायच्या. मग करंगळीच्या खालची जागा दाखवून, "इथून पुढे दुसऱ्याचं घर. दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही." नव्या माणसाला हसू यायचं. जुन्यांना पाठ झालं होतं. थिएटरच्या मोठ्या सिस्टर तर मास्कच्या आड बाईंच्या आधीच ओठ हलवायच्या.

दुसऱ्याचं घर म्हणजे एका नसेचं. मानेतून निघालेल्या नसा जुडीने गळ्याच्या हाडाखालून काखेत उतरतात आणि तिथून ज्या त्या आपापल्या वाटेला लागतात. त्यातली एक मागच्या अंगाने दंडाच्या हाडाला वळसा घालते, आणि खांद्यावर टोपीसारखा जो जाड स्नायू बसलेला असतो, त्याच्या आतल्या बाजूला बिलगून पुढे येते. बुटाच्या बंदाएवढी जाड, त्याहून मऊ. हात बाजूला उचलणं, डोक्यावर नेणं हे त्या टोपीचं काम, आणि टोपीला जाग आणणारी ही एवढीशी नस. ती क्वचितच कापली जाते. बहुतेक वेळा ओढली जाते. सुरीने नाही, हुकाने; रागाने नाही, कंटाळ्याने. स्नायू बाजूला धरून ठेवणारा हात दमला की नकळत आपलं वजन हुकावर टाकतो, आणि आत एक नस चकार शब्द न काढता झोपी जाते. हाड मोडतं तेव्हा निदान आवाज तरी होतो. नसेचं तसं नाही. इतकी वर्षं बाईंना तिची धास्ती वाटत आली होती ती एवढ्याचसाठी.

म्हणून बाईंचे नियम होते. पेशंटला अर्धवट बसतं केलं की त्याचं डोकं पलीकडे फार कलंडू द्यायचं नाही, नाहीतर मानेपासूनच सगळी जुडी ताणते. हुक धरणाऱ्याने मधूनमधून हुक सैल सोडायचा, सांगायची वाट बघायची नाही. स्नायूमध्ये पाडलेली फट चार बोटांच्या खाली उसवू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला आधीच एक टाका घालून ठेवायचा, शर्टाच्या काजाच्या टोकाला शिंपी घालतो तसा. आणि सगळ्यांत मोठा नियम वर्तुळाचा.

खांद्याच्या ऑपरेशनआधी मानेच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देत. ते दिलं की सबंध खांदा दुसऱ्या सकाळपर्यंत गतप्राण. दुखत नाही, हलत नाही, कळत नाही. पण मग आधीपासून काही बिघडलेलं होतं का, हे विचारायची सोयही राहत नाही. माणूस पडतो, हाड मोडतं, तेव्हा कधीकधी त्याच हिसक्यात नसही ताणली जाते. ती सुईच्या आधीच झोपलेली होती की सुरीनंतर झोपली, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तेव्हा सुई टोचण्याआधी बाई स्वतः जायच्या. दंडाच्या बाहेरच्या बाजूवर कापूस फिरवायच्या, कोपर बाहेर ढकलायला लावून टोपी आवळते का ते तळव्याखाली बघायच्या, आणि सगळं जागं असलं की निळ्या पेनाने तिथं एक छोटं वर्तुळ काढायच्या. जागं नसलं तर फुली. भूल देणाऱ्याने आधी वर्तुळ बघायचं, मग सुईला हात लावायचा.

भूल देणारे डॉक्टर बाईंचे जुने सोबती होते. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, जिभेला हाड नसलेले. सिस्टर त्यांना 'अंगाईवाले' म्हणत. "बाई, चंद्र उगवला का?" ते दारातूनच विचारायचे. "चंद्र दिसल्याशिवाय मी अंगाई म्हणत नाही."

"उगवलाय," बाई म्हणायच्या, आणि पेनाचं टोपण लावायच्या.

घरी बाई एकट्या नव्हत्या. आई होती. दोन खोल्या, मध्ये एक पडदा, खिडकीत तीन कुंड्या. आईचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र तिला टोचायचं, म्हणून ते बटणांच्या डब्यात पडून असायचं. संध्याकाळी बाई बूट काढता काढता विचारायच्या, "जेवलीस?"

"हो."

"गोळी घेतलीस?"

"हो."

"उद्या तुला चंद्रावर पाठवणार आहे. जाशील ना?"

"हो, हो."

पहिल्या पहिल्यांदा बाईंना याचं हसू यायचं. मग त्या ओरडून विचारायला लागल्या. मग पाटीवर लिहून. मग गुडघे टेकून, आईचा चेहरा हातात धरून, ओठ हलवून. पुढे पुढे मात्र नुसतं विचारायच्या आणि हो आलं की दिवा मालवायच्या. हो म्हणजे आजचं संपलं. हो म्हणजे आता पाठ टेकता येईल. एखाद्या दिवशी कुंडीला पाणी घालताना मातीत विरघळत असलेली पांढरी गोळी दिसायची. बाई ती उचलून बोटांत चुरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारून पुन्हा त्याच हो वर झोपायच्या. माणूस दमतो तेव्हा आधी त्याचे पाय दमत नाहीत. आधी त्याचं ऐकणं दमतं.

रंगाऱ्याचा खांदा बाईंकडे आला तो अशाच दिवसांत.

तो छतं रंगवायचा. भिंतीही रंगवायचा, पण विचारलं तर छतं म्हणायचा. उंच, वाळका, मान कायमची थोडी मागे गेलेली. त्याच्या उजव्या दंडाचं हाड खांद्यापाशी तीन तुकडे होऊन बसलं होतं. बाईंचं आधीचं ऑपरेशन लांबलं होतं. एका म्हातारीच्या खुब्याने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. आदल्या रात्री आई खोकत होती, त्यामुळे डोळ्याला डोळा लागला नव्हता. थिएटरच्या बाहेरच्या खोलीत ढकलगाडीवर रंगारी उताणा पडून वर टक लावून बघत होता.

"डॉक्टरबाई, हे छत कुणी रंगवलं?"

"मला काय ठाऊक?"

"पट्टे बघा कसे उठलेत. रोलर कोरडा फिरवलाय. भिंतीला घाई चालते, भिंतीपुढे कपाट येतं. छतापुढे काय येणार? लोक आजारी पडून वर बघत बसतात, आणि त्यांना हे बघावं लागतं."

"शिडीवरून पडलात ना?"

"छे. शिडी पडली. मी शिडीवरच होतो."

बाईंना हसायला हवं होतं, पण हसणं वर येईपर्यंत वाटेतच विरलं. त्यांनी कापूस घेतला, दंडाच्या बाहेरच्या बाजूवर फिरवला. "कळतंय का?"

"हो."

"डाव्या हाताइतकंच?"

"हो, हो."

"कोपर बाहेर ढकला. माझ्या हातावर."

रंगाऱ्याने दात आवळले, त्याच्या कपाळावर घाम आला. तीन तुकड्यांचं हाड, ढकलणार काय! "राहू दे, राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांचा तळवा त्याच्या खांद्यावर होता, पण त्याच्याखाली काय हललं, काय नाही, हे त्यांनी बघितलं नाही. बघायला अजून एकदा ढकलायला सांगावं लागलं असतं, त्याच्या दुखण्यापुढे थांबावं लागलं असतं, आणि आत टेबल तयार होतं. हो आलं होतं. बाईंनी खिशातून पेन काढलं आणि वर्तुळ काढलं. नेहमीसारखंच, गोल, नीटस.

"उगवला का?" अंगाईवाले दारात.

"उगवला."

ऑपरेशनमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. हे पुढे बाईंनी मनाशी इतक्यांदा घोळवलं की शेवटी त्यातली खात्रीच झिजून गेली. चार बोटं ठेवली होती. टाका घातला होता. हुक मधूनमधून सैल होत होता, सिस्टर मोठ्याने सांगत होत्या. फटीतून तर्जनी आत घालून बाईंनी स्नायूच्या पाठीमागून ती नस चाचपली. आडवी, गुळगुळीत, जिवंत दोरी. बोटाने ती वर उचलून धरली आणि हाडावरून ते जोडायची धातूची पट्टी खाली सरकवली, नस बोटाच्या आड ठेवून. नसेसमोर येणाऱ्या भोकांमध्ये स्क्रू घातले नाहीत. सगळं बिनबोभाट. फक्त एकदा, पट्टी अडली तेव्हा, बोट किंचित जास्त वर गेलं का? गेलं असेल. नसेलही. दमलेल्या बोटाला आपण किती ओढलं ते आठवत नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वॉर्डात गेल्या. रंगाऱ्याच्या शेजारी त्याची बायको स्टुलावर बसली होती. ठेंगणी, गोलमटोल, मांडीवर भलीमोठी पिशवी. भूल उतरली होती. बोटं हलत होती. मनगट वर येत होतं. कोपर वाकत होतं. बाईंनी कापसाने दंडाची बाहेरची बाजू चाचपली. निळं वर्तुळ अजून पुसलं नव्हतं.

"कळतंय का?"

"हो."

"अहो डॉक्टरबाई, ह्यांना विचारून काय उपयोग," बायको म्हणाली. "हे सगळ्यालाच हो म्हणतात. लग्न ठरताना मी विचारलं, स्वयंपाक येतो का? हो म्हणाले. अजून पाणी उकळलं की नाही ते मला येऊन विचारतात."

"येतंय मला थोडंफार," रंगारी म्हणाला.

"मग उद्यापासून करता का?"

"हो."

"बघा!"

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा." रंगाऱ्याने मिटले. बाईंनी कापूस हवेतच धरला. कुठेच टेकवला नाही. "आता कळतंय?"

"हो," रंगारी आनंदाने म्हणाला.

बायकोने बाईंच्या हाताकडे बघितलं, मग बाईंच्या तोंडाकडे.

मग बाईंनी ते सगळं केलं जे आधी करायचं असतं. डोळे मिटवून, कधी कापूस लावून, कधी न लावता, हो-नाही न विचारता, 'कुठे' आणि 'कधी' विचारून. विद्यार्थ्यांना त्या हेच शिकवत आल्या होत्या: पेशंट चांगला माणूस असतो, त्याला तुम्हाला नाराज करायचं नसतं, त्याला सरळ हो-नाही विचारू नका. वर्तुळाच्या आतली कातडी मेलेली होती. टोपीचा स्नायू तळव्याखाली ओल्या कणकेसारखा पडून होता. आणि त्याच्यावर बाईंच्या अक्षरातलं ते वर्तुळ: इथं सगळं जागं आहे.

डॉक्टरांच्या खोलीत अंगाईवाले चहात बिस्किट बुडवत होते. बाईंनी सगळं सांगितलं. बिस्किट तुटून कपात पडलं.

"इंजेक्शन अजून उतरत असेल," ते म्हणाले.

"बाकी सगळं उतरलंय."

"मग माझ्या सुईने काही झालं असेल."

"तुमच्या सुईने फक्त एवढीच एक नस निवडून घेतली?"

अंगाईवाल्यांनी चमच्याने बिस्किट शोधायला सुरुवात केली. "तीन वाटे करू," ते म्हणाले. "एक शिडीचा, एक सुईचा, एक तुमच्या बोटाचा. ज्याने त्याने आपापला घ्यावा."

"शिडीचा किती, हे बघायचं काम माझं होतं."

"बाई, वर्तुळ मीही बघितलं."

"तुम्ही वर्तुळ बघितलंत. ते खरं आहे का, हे तुम्ही बघायचं नसतं."

अंगाईवाल्यांनी चमचा बशीत ठेवला. ते म्हणाले, "पुढे करंटची तपासणी होईल."

"करंट सांगेल की नस झोपलीय. कुणी झोपवली ते नाही सांगणार."

झोपलेल्या नसा पुष्कळदा जाग्या होतात. आतली तार शाबूत असली तर काही आठवड्यांत, काही महिन्यांत. नसली तर नाही. मग रंगाऱ्याचा हात कमरेपर्यंत येईल, ताटापर्यंत येईल, पण छतापर्यंत जाणार नाही. बाईंनी खांद्याची ऑपरेशनं तात्पुरती दुसऱ्या डॉक्टरांकडे दिली. कारण विचारलं तेव्हा पाठ दुखते म्हणाल्या. पाठ दुखतच होती. ज्या बोटाची आपल्याला खात्री नाही ते दुसऱ्या कुणाच्या खांद्यात घालायचं कसं, हे मोठ्याने म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

टाके काढायला रंगारी आला त्या दिवशी बायको औषधांच्या रांगेत उभी होती. खोलीत दोघंच. बाईंनी दार लोटलं.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या खांद्याची एक नस झोपली आहे. ती पडताना झोपली की माझ्या हाताने, हे मला माहीत नाही. माहीत व्हायला हवं होतं. ऑपरेशनच्या आधी मी नीट तपासलं नाही. तुम्ही हो म्हणालात आणि मी ते घेऊन टाकलं."

रंगाऱ्याने डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "तेव्हाच बधिर होतं, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "शिडी पडली तेव्हापासूनच."

बाईंनी मान वर केली. "मग हो का म्हणालात?"

"तुम्ही फार दमलेल्या दिसत होतात. डोळे असे आत गेलेले. म्हटलं, अजून एक काम कशाला वाढवा."

खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलं होतं. बाईंना वाटलं, आता खुर्चीवर मागे रेलावं आणि डोळे मिटावेत. इतके दिवस दारात उभं असलेलं काहीतरी निघून गेलं होतं. बोटाचा वाटा शून्य. पण रेलता रेलता त्या थांबल्या. त्यांनी रंगाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. भला, उत्सुक, दुसऱ्याचं मन राखायला सदा एका पायावर तयार असलेला चेहरा.

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय का?"

"हो," रंगारी म्हणाला.

बाईंनी त्या हो कडे बराच वेळ बघितलं. ते खरं होतं? की तेही त्याच पिशवीतलं? त्याला विचारायची सोय नव्हती. त्याने पुन्हा हो म्हटलं असतं. शेवटी त्यांनी कात्री उचलली आणि टाके काढायला घेतले.

महिने गेले. रंगारी दर काही आठवड्यांनी येत राहिला. त्याचा खांदा चपटा पडला, टोपीखालचं हाड वर दिसू लागलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याच्या हाताला दोरी आणि चाक लावून वर नेत, आणि सोडला की हात खाली यायचा. दरम्यान रोलर बायकोने हातात घेतला होता. धंदा बंद ठेवून कसं चालणार?

"मी शिडीवर, हे खाली खुर्चीवर," ती सांगत होती. "आणि हुकूम काय! डावीकडे पट्टा राहिला, उजवीकडे थेंब लोंबतोय. मी म्हटलं, वर येऊन दाखवा. तर म्हणतात, हो."

"पण काम चांगलं करते," रंगारी बाईंना म्हणाला. "पट्टे उठत नाहीत."

"माझ्यासमोर कधी म्हणाला नाहीत ते!"

"तू विचारलंस कुठे?"

दर वेळी बाई तीच तपासणी करायच्या. दर वेळी रंगारी डोळे मिटून हवेला हो म्हणायचा. त्या रागावल्या, समजावून झालं, बायकोने चिमटे काढून झाले. "मला कळल्यासारखं वाटतं हो," तो ओशाळून म्हणायचा. "तुम्ही इतक्या आशेने विचारता." बाईंना कळेना की खोटं नेमकं कोण बोलतंय, त्याची जीभ की आपला आवाज. त्यांनी आवाज कोरडा करून बघितला. तरी हो.

घरी मात्र बाईंनी एक गोष्ट सोडून दिली. आईला प्रश्न विचारणं. आता त्या गोळी तळहातावर ठेवून आईसमोर बसायच्या, काही न बोलता, पाण्याचा पेला पुढे करून. आई गोळीकडे बघायची, लेकीकडे बघायची. पहिल्या संध्याकाळी म्हणाली, "कडू असते गं ती." इतक्या दिवसांत आईने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं जे हो नव्हतं. बाई हात तसाच धरून बसल्या. त्याला बराच वेळ लागायचा, आणि दमलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. पण कुंडीत गोळ्या सापडेनाशा झाल्या.

कोट घालायचे दिवस आले तेव्हा रंगारी आणि त्याची बायको पुन्हा आली. आधी उजवी बाही, मग डावी, अशी ती त्याला कोटातून सोडवत होती आणि एकीकडे हवेला शिव्या देत होती. रंगारी स्टुलावर बसला. बाईंचा तो दिवसातला शेवटचा पेशंट. पायाला गोळे आले होते. कापूस हातात घेऊन त्या त्याच्यासमोर बसल्या. या खेपेला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. कळतंय का नाही, आता नाही, कुठे नाही. गोळीसमोर बसायच्या तशा नुसत्या बसल्या.

रंगाऱ्याने आपणहून डोळे मिटले. बाहेर गाडीचं एक चाक कुरकुरत गेलं. बाईंचा हात मांडीवरच होता. बराच वेळ गेला. बायको पिशवीत काहीतरी शोधायची थांबली.

"नाही," रंगारी म्हणाला.

बाई हलल्या नाहीत.

"अजून नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, दूरचं काही ऐकणाऱ्या माणसाच्या असतात तशा. "डॉक्टरबाई, तुम्ही हात लावलेलाच नाही."

बाईंनी कापूस उचलला आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूवर, वर्तुळ होतं तिथं, हळूच टेकवला. आवाज न करता.

"हां. हे काय आलं. जाड कपड्याच्या वरून कुणी बोट फिरवावं तसं. पण आलं." त्याने डोळे उघडले. "आता आलं, डॉक्टरबाई."

बाईंनी तळवा त्याच्या खांद्यावर ठेवला. "ढकला." त्याने ढकललं. सुरुवातीला काही नाही. मग खाली कुठेतरी, खोल, झोपलेल्या पोराने कूस बदलावी आणि पांघरुणाची एक चुणी सरकावी, एवढंसं काही झालं. "पुन्हा." पुन्हा झालं. बाईंनी आणखी एकदा ढकलायला लावलं, आणि मग आणखी एकदा. घाई कसलीच नव्हती.

"मी नाही म्हणालो," रंगारी बायकोला म्हणाला.

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले." तिने नाक पुसलं. "आता सवय लावून घेऊ नका."

"चढू का मग शिडीवर?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"सांगता येत नाही. येईल ते हळूहळू येईल. पूर्ण येईल का, तेही ठाऊक नाही."

रंगाऱ्याने मान डोलवली आणि सवयीने वर बघितलं. खोलीच्या छताला पोपडे धरले होते.

त्या दिवशी थिएटरच्या बाहेर, सुईच्या आधी, हा खांदा जागा होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. बाईंनी खिशातून पेन काढलं, पुढे वाकल्या आणि त्याच्या दंडावर वर्तुळ काढायला लागल्या.

"आता हे कशाला?" बायकोने विचारलं. "पुन्हा कापायचंय की काय?"

"नाही. तेव्हा तपासून काढायचं राहिलं होतं."

पेनातली शाई संपत आली होती. वर्तुळ मध्येच तुटलं. बाईंनी पेन झटकलं, आणि राहिलेला तुकडा सावकाश जोडून घेतला.